गवत कुणाकुणाचं

मंगळवार, ४ जून

रक्तदाब वाढेल असं काही करायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. माझा रक्तदाब वाढवणारा माणूस अख्ख्या सान होसेत एकच आहे आणि नेमका तोच माझा भागीदार आहे. म्हणून हे लिहिणं. एल्बियोला जे ऐकवायचं ते इथे लिहून मोकळं व्हायचं.

पण आज सुरुवात बरी झाली. सीमेपलीकडच्या ब्राझीलवाल्या दूध सहकारी संघाने आमच्या ‘लुसेरो’ प्रोग्रामला नाही म्हटलेलं नाही. त्यांचे इंजिनियर वाल्दोमिरो यांना आज पडद्यावर सगळं दाखवलं. कुठल्या गाईला किती खुराक द्यायचा, कुठल्या कुरणात कळप कधी सोडायचा, गवत किती वाढेल. आमची तिसरी, यानिना, संगणकावर एकेक पडदा पुढे सरकवत होती, बोलत मी होते, आणि एल्बियो ‘माते’ या आमच्या कडू चहाचा भोपळा हातात धरून नळीने ओढत बसला होता. प्रोग्राम त्याने लिहिलाय, पण विकायची वेळ आली की त्याची दातखीळ बसते.

हा संघ मिळाला तर आम्ही तिघं गावात राहू. नाही मिळाला तर हिवाळा सरायच्या आत दाराला कुलूप लागेल आणि ती दोघं मोन्तेविदेओला कुणाच्या तरी हाताखाली जातील. छप्पन्न वर्षांच्या मला कोण हाताखाली घेणार?

वाल्दोमिरोंनी एकच चमत्कारिक प्रश्न विचारला. “ज्या सकाळी कुरणावर दव गोठतं, त्या दिवशी तुमचा लुसेरो काय करतो?” यानिनाने दाखवलं. गवताची वाढ थांबते, आणि नंतरही काही दिवस दबकत दबकतच सुरू होते. त्यावर माणूस इतका वेळ गप्प, की मला वाटलं फोन तुटला.

“हे कुणी लिहिलं?”

“आम्हीच,” एल्बियो म्हणाला. दोन तासांत तेवढाच एक शब्द.

“असं का,” म्हणून त्यांनी निरोप घेतला. भाव पाडायच्या आधी गिऱ्हाईक असंच गप्प होतं. वडिलांच्या खुराकाच्या दुकानात अशी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिलीत.

गुरुवार, ६ जून

भाव पाडला नाही. त्याहून वाईट केलं. लुसेरोमध्ये बाहेरचं काय काय वापरलंय आणि प्रत्येकाचं लायसन्स काय, ते कळवा म्हणे.

“बाहेरचं म्हणजे? सगळं घरचंच आहे ना?” मी विचारलं.

यानिना हसायला लागली. “मिर्ता, पाव भाजणारा गहू पेरतो का? पीठ तयार आणतो. आम्हीपण तयार लायब्ररी आणतो. लोकांनी लिहून उघड्यावर ठेवलेलं काम असतं ते. घ्यायचं आणि आपल्यात मिसळायचं.”

“फुकट?”

“फुकट, पण अटी असतात.”

तिने सगळ्या अटी तपासल्या. बहुतेकांचं म्हणणं एवढंच, की वापरा, पण आमचं नाव पुसू नका. अडलं एका ठिकाणी, आणि तेही एल्बियोच्याच ‘पास्तितो’पाशी.

पास्तितो ही त्याची हौस. आमची कंपनी निघायच्या आधीपासून तो ते लिहितोय. पाऊस, ऊन, माती यांवरून गवत किती वाढेल याचं गणित आहे ते. विकायचं सोडून पठ्ठ्याने जगाला वाटून टाकलं! वर अट घातली, की कुणीही घ्या, पण हे आपल्या प्रोग्रामात घालून तो प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर तुमचाही सगळा सोर्स कोड असाच उघडा करायचा. आणि मग स्वतःच ते लुसेरोत घातलं, आणि लुसेरो ठेवला बंद.

“माझंच आहे ना ते? स्वतःच्या घरात शिरायला मी कुणाची परवानगी काढू?”

मला हायसं वाटलं. बरोबरच तर बोलतोय. पण यानिना हसली नाही.

“एल्बियो, तू उघडं ठेवल्यावर त्याला आणखी कुणाकुणाचा हात लागला?”

नळी त्याच्या तोंडातच राहिली.

जगभरच्या लोकांनी त्याला दुरुस्त्या पाठवल्या होत्या. याने आभार मानून एकेक आत घातली. आता ज्याच्या ओळी त्याची मालकी. याची अट यालाच लागू झाली. मी उठून रक्तदाबाची गोळी घेतली आणि एक त्याच्यापुढेही ठेवली.

सोमवार, १० जून

एस्क्रिबाना, म्हणजे गावची नोटरी, सुल्माकडे गेले. जन्मभर जमिनीच्या कागदांवर शिक्के मारलेली बाई. तिला हे कितपत कळेल अशी मला शंका होती, म्हणून बेकरीतले बिस्कोचो जरा जास्तच नेले.

“यात अवघड काय आहे?” पुडा सोडत ती म्हणाली. “दोन घरांमधली सामाईक भिंत. एकट्याने पाडता येत नाही, एकट्याने विकता येत नाही. सगळ्यांची लेखी परवानगी आणा. आजवर वापरलंत त्याचीही आणि पुढचीही.”

“आणि एखादा नाही म्हणाला तर?”

“त्याच्या विटा काढा, तुमच्या घाला. तेही नाही जमलं तर लुसेरो उघडा करा.”

“उघडा केल्यावर संघ कशाला विकत घेईल?”

“म्हणून पत्रं लिही. आणि त्या ब्राझीलवाल्याला हे सगळं आजच कळव. कुणाचं काय आहे ते नावानिशी. माझा परवानगीचा नमुनाही जोड.”

“आधी परवानग्या येऊ देत, मग सांगू की.”

“मग शिक्का दुसरीकडे बघ, मिर्ता.” एवढं बोलून तिने शेवटचा बिस्कोचो उचलला.

कळवलं. काळजावर दगड ठेवून सगळं खरं लिहिलं. पाठवल्यावर मात्र फार मोकळं वाटलं, हे कबूल करायला हवं.

परवानगीची पत्रंही मीच लिहिली. एल्बियोच्या हातून सरळ वाक्य उतरत नाही. पास्तितो कसं वापरायचं ते सांगणारी चार पानं आहेत, तीही त्या काळी मीच दुकानात गल्ल्यावर बसून लिहून दिली होती. त्याने लिहिलेलं वाचलं असतं तर लोकांनी गवताऐवजी गाई मोजल्या असत्या.

गुरुवार, १३ जून

एक दगड उतरला! न्यूझीलंडच्या नाइरीबाईंचं उत्तर आलं. मागचं विसरा, पुढचं खुशाल वापरा म्हणतात. एकच इच्छा, की पास्तितो उघडं आहे ते उघडंच राहू द्या. त्यांच्या गावात या गणितावर तिशीभर गोठे चालतात, आणि त्यांच्या सासऱ्यांना पाऊस पडला की ‘पास्तितो काय म्हणतं?’ असं विचारायची सवय लागली आहे. एल्बियो डोळे पुसायला उठला आणि खिडकी उघडायला उठलोय असं त्याने दाखवलं. इतक्या थंडीत!

दुपारी दुसरं आलं. आयर्लंडचा डोनाल. परवानगी देतो म्हणतो, पण मी मागे एक प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर आधी द्या. एल्बियोने ते पत्र ‘निवांत लिहू’ म्हणून ठेवून दिलं होतं. त्याला खुर्चीत बसवलं आणि उत्तर लिहून होईपर्यंत माते दिला नाही. संध्याकाळपर्यंत डोनालही झाला.

वाल्दोमिरोंचा फोन आला. “पुढे काय?”

“एकच राहिलाय, इंजिनियरसाहेब. बागुआल नावाचा.”

“त्याचा शोध घेताय ना?”

घेतोय म्हटलं. कोर्टातल्यासारखा विचारतो मेला.

बुधवार, १९ जून

सुट्टी असून सगळे ऑफिसात. बागुआलचं पत्र तिसऱ्यांदा परत आलं. त्याची ई-मेलची पेटीच बंद आहे.

बागुआल म्हणजे वेसण न घातलेला रानघोडा. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. खरं नाव एल्बियोला माहीत नाही, देश माहीत नाही. बाई की बुवा, तेही नाही.

“त्याने एकदाच पाठवलं. तोच हा दव गोठण्याचा भाग. सोबत एकच ओळ होती, ‘तुमच्या गवताला थंडी वाजत नाही, म्हणून हे पाठवतोय.’”

“आणि तू काय उत्तर दिलंस?”

“‘आभार.’”

“एवढंच? माणसाचं नाव-गाव विचारावं, मुलंबाळं विचारावी!”

“तिथे कुणी कुणाला तसलं विचारत नाही, मिर्ता.”

नशीब बघा. ब्राझीलवाल्याने हजार गोष्टींतून नेमकी दवाचीच गोष्ट विचारावी, आणि नेमकी तीच आमची नसावी! ग्रहच फिरलेत म्हणायचे.

शुक्रवार, २१ जून

बागुआलच्या विटा काढून आपल्या घालायच्या ठरल्या. पण त्यातही गोम आहे. एल्बियोने जुनं वाचलंय, त्याने नवं लिहिलं तरी हात त्याच वाटेने जाणार, आणि तशी नक्कल चालत नाही. ते कधीच न वाचलेल्या माणसाने लिहायला हवं. म्हणून यानिना लिहिणार, आणि एल्बियोने तिला अवाक्षर सांगायचं नाही.

त्याला ते जमेना. यानिनाने कपाळाला आठी घातली की हा घसा खाकरायचा. शेवटी तिने त्याला खुर्ची, थर्मास आणि माझी शाल देऊन मागच्या अंगणात बसवलं.

“खिडकीतून मान हलवायची नाही!” ती ओरडली.

“मी पक्षी बघतोय!”

“पक्षी उजवीकडे आहेत!”

शेवटी मी पडदा लावून घेतला. आतून ती, बाहेरून तो, आणि मध्ये मी चहा पोचवतेय. कुठल्या धंद्यात जाणत्या माणसाला थंडीत बसवून नवख्याच्या हातात काम देतात? पण हसूही आलं. कितीतरी दिवसांनी ऑफिसात हसण्याचा आवाज झाला.

सोमवार, २४ जून

यानिनाचं झालं. तपासायला गावातल्या डोन नेल्सनच्या गोठ्यावर दिलं. आज उजाडता उजाडता त्याचा फोन.

“मिर्ता, कुरण मिठासारखं पांढरं झालंय आणि तुझा लुसेरो म्हणतो गवत भरपूर आहे, गाई सोडा. घसरगुंडी खेळायला सोडू का?”

यानिना रडवेली झाली. तिचा दोष नाही. बागुआलने म्हणे कित्येक हिवाळ्यांच्या नोंदी काढून ते बसवलं होतं, ते आठवड्यात कसं जमणार? एल्बियो तिला म्हणाला, “माझं पहिलं याहून वाईट होतं. त्यात गाई पावसात पोहत होत्या.” कधी कधी हा माणूस शहाण्यासारखं बोलतो.

तेवढ्यात वाल्दोमिरो. पुन्हा तेच. “बागुआल सापडला का?”

मग माझा तोल गेला. “नाही सापडला, इंजिनियरसाहेब! आणि सापडला तर आधी मी त्याला चार शब्द ऐकवणार आहे!”

“काय ऐकवाल?”

“की बाबा, काम सोन्यासारखं केलंस, ते दुसऱ्याला जमत नाही हे आज आमच्या डोळ्यांनी पाहिलं. पण पत्ता ठेवून जायची अक्कल नाही तुला? लोकांनी तुझे आभार मानायचे तरी कुठे?”

पलीकडे खोकल्याची उबळ आली. मग म्हणाले, “दोना मिर्ता, शनिवारी मी तिकडे येतो.”

संपलं. तोंडावर नाही सांगायला येतोय. सभ्य माणूस आहे, फोनवर सांगवत नसेल. त्यातही एक बरं वाटलं, की एकदाचं काय ते कळेल. आणि शनिवारी एकोणतीस तारीख आहे, न्योकी करायचा दिवस, निदान त्या तरी खायला घालीन. उपाशी पोटी नकार ऐकायचा नाही, असं बाबा म्हणायचे.

शनिवार, २९ जून

घाईघाईने लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येईल, येऊ दे.

वाल्दोमिरो पिकअप घेऊन एकटेच आले. पांढऱ्या मिशा, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. मातेचा भोपळा आपला बादलीएवढा, त्यावर चांदीत कोरलेला उधळलेला घोडा, आणि आत हिरवागार भुगा. असला माते आपण ओढत नाही, पण त्यांनी पुढे केला म्हणून घेतला. यानिना त्या घोड्याकडे टक लावून बघत होती. मी तिला टेबलाखालून पाय मारला.

बटाट्याच्या न्योकी मी पहाटेपासून वळल्या होत्या. प्रत्येकाने रीतीप्रमाणे बरकतीसाठी ताटाखाली नोट सरकवली. वाल्दोमिरोंना सांगावं लागलं नाही, त्यांच्याकडेही एकोणतीस तारीख पाळतात. फक्त त्यांनी माझं ताट उचलून त्याखालीही काहीतरी घातलं.

“पाहुण्याने घालायचं नसतं,” मी म्हटलं.

“जेवण झाल्यावर बघा.”

जेवणभर कामाचं अक्षर नाही. गाई, पाऊस, नातवंडं.  शेवटची न्योकी कशीबशी गिळली आणि ताट उचललं. घडी केलेला कागद होता. सुल्माच्या नमुन्यातली परवानगी, मागचीही आणि पुढचीही. खाली सही ‘वाल्दोमिरो’, आणि तिच्याशेजारी, ‘बागुआल’.

मी दोनदा वाचलं. मग त्या भोपळ्यावरच्या घोड्याकडे बघितलं.

“तुम्ही?”

“मीच. तेव्हा विद्यापीठात होतो. नोकरी सुटली तशी ती पत्रपेटीही गेली.” त्यांनी मिशा पुसल्या. “तर ते चार शब्द ऐकवता का आता?”

आता पंचाईत! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ऐकवणार कसली!

“मग त्या पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?” एल्बियोने विचारलं. 

“सांगणारच होतो. माझं दव पडद्यावर पाहिलं आणि ऊर भरून आला हो. म्हणून विचारलं, हे कुणी लिहिलं. तुम्ही म्हणालात, ‘आम्हीच.’”

एल्बियोने मान खाली घातली. कान लाल.

“फार राग आला. आठ हिवाळ्यांचं काम माझं. म्हटलं, बघू या कागदावर काय लिहितात. आणि तुमचा कागद आला. ‘दव गोठण्याचा भाग सर्वस्वी बागुआल यांचा. खरं नाव ठाऊक नाही, शोध चालू आहे.’ राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला या बाईंनी सोमवारी फोनवर उतरवला.”

अटी दोनच घातल्या. पास्तितो उघडंच राहायचं, आणि आम्ही त्यात जी दुरुस्ती करू ती सगळ्यांसाठी परत उघड्यावर ठेवायची. लुसेरो खुशाल बंद ठेवा, तो तुमचा. पास्तितोचं लायसन्स तसं बदलू, नाइरीबाईंचीही तीच इच्छा होती. आणि पहिल्याच पडद्यावर ज्यांचा ज्यांचा हात लागला त्यांची नावं घालायची. संघाचा होकार त्यांनी कॉफीबरोबर सांगितला, जाता जाता सांगावा तसा.

निघताना एल्बियोने त्यांचा हात धरला तो सोडेचना. “तेव्हा नुसतं ‘आभार’ लिहिलं होतं मी,” म्हणाला.

“पुरेसं होतं. बाकीचे तेवढंही लिहीत नाहीत.”

दिवसभर ऊन होतं, तरी मी आता तोर्ता फ्रिता, आमच्या पावसाळी पुऱ्या, तळायला घेतेय. पाऊस नसताना तळू नयेत म्हणतात. म्हणोत.

मंगळवार, २ जुलै

कागदांवर शिक्के मारून घ्यायला तिघंही सुल्माकडे गेलो. मी ऐटीत कागद पुढे केले. नाइरी, डोनाल, वाल्दोमिरो. सुल्माने चष्मा लावला, पास्तितोच्या नावांच्या पानाची प्रत काढली आणि एकेका नावापुढे खूण करत गेली.

“चौथी सही कुठाय?”

“चौथी? बागुआल मिळाला की!”

“‘कसं वापरायचं, ही चार पानं: एम. ओलिवेरा.’ यांची परवानगी कुठाय?”

मी एल्बियोकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. यानिनाने ओठ दाबून धरले होते. तिला कधीपासून माहीत होतं कुणास ठाऊक.

“तू माझं नाव घातलं होतंस?”

“तूच लिहिलं होतंस ना? मग कुणाचं घालू?” तो छताला म्हणाला. “वाल्दोमिरो शनिवारी म्हणाले, तू भांडी घासत होतीस तेव्हा. ती पानं वाचून कळलं म्हणून हात घातला, नाहीतर माझ्या गणिताला त्यांनी शिवलंही नसतं.”

इतकी वर्षं मी याला वेडा म्हणत आले, की कष्टाचं काम जगाला फुकट वाटतो. आणि गल्ल्यावर बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये लिहिलेली माझी पानं न्यूझीलंडपर्यंत जाऊन पोचली होती, माझ्या नावानिशी, आणि मला पत्ता नव्हता. नाइरीबाईंच्या सासऱ्यांना पास्तितो समजलं ते माझ्या शब्दांतून. मला इतका आनंद झाला की तिथेच रडले असते, पण सुल्मासमोर रडायचं म्हणजे गावभर होतं.

“देतेस ना परवानगी?” एल्बियोने घाबरत विचारलं.

“बघते. विचार करावा लागेल.”

त्याला कोपऱ्यावरून बिस्कोचो आणायला पिटाळलं. आल्यावर माते नव्याने लावायला सांगितला. पहिला घोट मी घेतला, कडू आणि चांगला गरम. मग कागद ओढला आणि सही केली, मागचंही आणि पुढचंही. एम. ओलिवेरा नाही. मिर्ता ओलिवेरा, पूर्ण नाव.